डायरेक्ट कनेक्शन

गरम पाण्याचा टब आमच्या घरी कंटेनरमधून आला. नवऱ्याचे ट्रेलर जासईच्या कंटेनर यार्डांत फिरायचे, आणि तिथे कुणी सोडवून न नेलेला माल अधूनमधून लिलावात निघायचा. कुणी टाइल्स उचलायचं, कुणी ऑफिसच्या खुर्च्या. आमच्या साहेबांनी टब उचलला. अमेरिकेहून आलेला, चार माणसं आरामात बसतील एवढा मोठा, पाणी आपणच तापवून पाठीवर फवारे मारणारा. क्रेनने तो ट्रेलरवरून उतरवला तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, यात मासे पाळणार का. मी म्हटलं, आधी यांनाच सोडते, जगले तर मासे.

मी चिडले होते, कारण मला न विचारता ही वस्तू आली होती. घर नवीन होतं. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, उलव्याच्या बाजूला बांधलेलं. तेव्हा तिथे रस्त्यांना नावंही नव्हती, नुसते सेक्टरचे नंबर होते, आणि चारी बाजूंना बांधकामं. दोरीवरचे कपडे वाळायच्या आत त्यांच्यावर धुळीचा थर बसायचा. ज्याच्या हाती पैसा आला तो घर बांधत होता, आणि घर झालं की त्यात ठेवायला काहीतरी आणत होता. आमच्या समोरच्यांनी गेटवर दोन सिंह बसवले होते. त्यामानाने टब बरा, निदान उपयोगाचा, असं नवऱ्याचं म्हणणं.

उपयोग सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी होता. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलं. भातशेती होती, पण जीव मिठागरात. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढलं, तळपाय लाकडासारखे झाले आणि गुडघे कामातून गेले. मिठागर गेलं ते नवीन शहराच्या कामात गेलं, नवऱ्याने काही ते विकलं नव्हतं. पण कागदांवर सह्या करायला बापाला ऑफिसात घेऊन गेला तो हाच, आणि सासऱ्यांना राग धरायला तेवढं पुरेसं होतं.

तेव्हापासून ते मुलाशी बोलत नसत. भांडण असं झालंच नाही. बोलणं माझ्यामार्फत चालायचं. नवरा समोर चहा पीत बसलेला असायचा आणि सासरे मला म्हणायचे, त्याला सांग, टाकी वाहतेय. मग नवरा म्हणायचा, बाबांना सांग, बघतो. सासूबाई हे घर व्हायच्या आधीच गेल्या होत्या, नाहीतर हे काम त्यांच्याकडे असतं. मला सुरुवातीला हसू यायचं. पुढे पुढे वैताग यायला लागला. कधीकधी मी मुद्दाम निरोप पोचवायचेच नाही. तरी टाकी बंद व्हायची, कारण दोघांचेही कान शाबूत होते.

नव्या घरातलं काहीच त्यांनी आपलं म्हटलं नाही. खोली दिली तर मागच्या पडवीत चटई टाकली. गिझर लावला तर चुलीवर हंडा तापवला. नवऱ्याने एसी, गादी, आरामखुर्ची असं एकेक आणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी सासरे मला म्हणाले, त्याला सांग, मना नको.  नवरा त्या दिवशी मान खाली घालून जेवायचा, एवढंच. मला दोघांचीही कीव यायची आणि दोघांचाही राग यायचा.

टब मागच्या अंगणात घराच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या शेडखाली बसवला. कनेक्शन गावातल्या वायरमनने दिलं. मी तेव्हा लग्नाला माहेरी गेले होते, नाहीतर त्याला मी एकट्याला टबाजवळ सोडलं नसतं. माझं माहेर पनवेलचं. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचे. जळलेली मोटार मला नुसत्या वासावरून कळायची. लग्नानंतर घरातल्या फ्यूजा, पंखे, मिक्सर सगळं मीच बघत आले. वायरमनला हे माहीत होतं, आणि मी घरात असले की तो जरा सांभाळूनच असायचा.

मी परत आले तर सासरे पंचा नेसून टबात बसलेले. डोळे मिटलेले, पाण्याच्या वर फक्त मुंडकं. मी बघतच राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, त्याला सांग, बरा वाटला.

नवऱ्याने ते ऐकलं आणि उगाचच उठून गाडी पुसायला गेला. पुढच्या आठवड्यात जासईपासून पनवेलपर्यंत ज्याला त्याला त्याने सांगितलं, आमचे बाबा रोज टबात बसतात. गुडघ्यांचं काय झालं हे कुणी विचारायच्या आधीच सांगायचा, खूप फरक आहे.

टबाबरोबर सासऱ्यांच्या काही तऱ्हाही आल्या. त्यांनी जुन्या घरातला लाकडी पाट शोधून काढला आणि टबाला लागून ठेवला. रबरी चपला घालून त्या पाटापर्यंत जायचे, पाटावर चपला काढायचे आणि तिथूनच आत उतरायचे. आम्हाला वाटलं, टब उंच आहे, गुडघ्यांना पायरी हवी असेल. आणि दुसऱ्या कुणालाही पाण्याला हात लावू द्यायचे नाहीत. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती. टब आल्यापासून तिचं एकच टुमणं, मला आत घाला. सासरे तिला ओरडून हाकलायचे. ही पोरांची जागा नाय, म्हणायचे. एरवी नातीसाठी जीव टाकणारा माणूस, पण टबाच्या बाबतीत वैरी. बाहेर आले की स्विच बंद करून, झाकण लावून त्यावर विटा ठेवायचे. मुलगी रडून रडून झोपायची. मी एकदा त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलंसुद्धा, एवढी वर्षं काही नको होतं, आता एक मिळालं तर नातीलाही वाटा नाही. त्यांनी ऐकलं आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

मग वॉशिंग मशीन झिणझिणायला लागलं. ओल्या हाताने झाकण उघडायला गेले की बोटांत मुंग्या. टेस्टर लावला तर मशीनच्या पत्र्यावर अगदी मंद दिवा. मला वाटलं, मशीनची मोटार बसली. मेकॅनिक आला, त्याने उघडून पाहिलं आणि सांगितलं, मशीन ठणठणीत आहे. मी त्याला दोन शब्द ऐकवले. तो गेल्यावर पुन्हा हात लावला तर खरंच काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या. मी मशीन दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिलं, प्लग बदलून पाहिला. एक दिवस वैतागून मशीनचा प्लगच काढून ठेवला, तर फ्रिजच्या हँडलला झिणझिण्या आल्या. मग माझं डोकं ठिकाणावर आलं. दोन्ही वस्तू एकदम बिघडत नाहीत. त्या अर्थिंगच्या वायरने एकमेकींना जोडलेल्या होत्या, आणि त्या वायरमध्ये दुसरीकडून कुठून तरी करंट येत होता.

मध्येच एकदा सासरे नेऱ्याला नातलगाकडे मयतीला गेले आणि मुक्कामाला राहिले. त्या दिवशी कशालाच झिणझिण्या नव्हत्या. ते परत आले, दुपारचे कपडे धुवायला मी मशीनजवळ गेले, झाकणाला हात लावला आणि बोटांत मुंग्या आल्या. मागून टबाच्या पंपाचा आवाज येत होता.  मी हातातले कपडे टाकून मागे पळाले.

सासरे नेहमीसारखे गळ्यापर्यंत पाण्यात होते.

"बाबा, पाण्यात करंट लागतो का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "लागतो जरासा. भिंतीला हात लागला का लागतो."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

मी शेडमधला मेन स्विच खाली ओढला. पंप थांबला तसे त्यांनी डोळे उघडले. मग मी जी सुरू झाले ती गल्लीत ऐकू गेली असणार. ते पाटावर पाय ठेवून सावकाश बाहेर आले, पंचा पिळला आणि म्हणाले की यात ओरडण्यासारखं काय आहे. पनवेलचा डॉक्टर गुडघ्यांना पट्ट्या लावून करंटच देतो आणि वर पैसे घेतो. इथे घरच्या घरी मिळतोय.

हे खरं होतं. गुडघ्यांसाठी आम्ही त्यांना पनवेलला शेकायला नेत असू, तिथे मशीनच्या पट्ट्या लावून बारीक करंट द्यायचे, आणि सासऱ्यांना ते फार आवडायचं. म्हणजे म्हातारा इतके दिवस शॉकला औषध समजून त्यात बसला होता. मला राग येत होता आणि हसूही येत होतं. नवरा घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, उद्याच्या उद्या भंगारात देतो. पडवीतून आवाज आला, "त्याला सांग, टब कुठं जायाचा नाय."

दुसऱ्या दिवशी मी टबाची बाजूची फळी काढली. आत वायरचं जंजाळ होतं, पण बाहेरून येणाऱ्या वायरी चारच. लाल, काळी, हिरवी आणि पांढरी. आपल्याकडे कुठल्याही वायरमनला झोपेतून उठवून विचारा, लाल म्हणजे गरम, करंट आणणारी, काळी म्हणजे थंड, तो परत नेणारी, हिरवी म्हणजे अर्थिंग. संपलं. पांढरीचं आपल्या घरात काही कामच नाही. अमेरिकेत मात्र लाल आणि काळी दोन्ही गरम असतात आणि थंड असते ती पांढरी. टबातला हीटर लाल आणि काळीवर चालत होता, तो आपल्या पद्धतीने जोडला तरी चाललाच. पण आतला छोटा दिवा आणि पाणी शुद्ध करणारी एक डबी यांतला करंट पांढरीतून परत जायचा. आणि ती पांढरी आमच्या वायरमनने हिरवीबरोबर पिळून अर्थिंगला लावली होती.

मी त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "वहिनी, पांढरीला जोडीदारच नव्हता. मोकळी ठेवणार कशी?"

मी विचारलं, असं केल्यावर मेन बोर्डातला ईएलसीबी पडायला हवा होता, तो का नाही पडला. करंट वाटेत कुठे गळला तर लाइट बंद करणारं ते यंत्र, मीच हट्टाने बसवून घेतलं होतं. वायरमन म्हणाला, पडला ना, टब लावला की दर वेळी पडायचा. शेवटी साहेब कंटाळले. मग डायरेक्ट करून दिलं.

डायरेक्ट. हा आमच्याकडचा मोठा लाडका शब्द आहे. फ्यूज सारखा उडतोय, डायरेक्ट करा. स्विच अडकतोय, डायरेक्ट करा. मीटरजवळचं काही कुरकुर करायला लागलं की मधलं काढायचं आणि वायर सरळ जोडायची, सगळं झकास चालतं. हळदीच्या मांडवाला तर दुसरी पद्धतच माहीत नाही. वायरमनने आमच्यावर काही उपकार म्हणून किंवा आळस म्हणून हे केलं नव्हतं, तो सगळ्यांकडे असंच करायचा आणि सगळे त्याला चहा पाजायचे. मी त्याला चहा दिला नाही. नवऱ्याला मात्र त्या दिवशी जेवणाबरोबर चार शब्दही वाढले.

पांढरी मी सोडवली, तिचं टोक टेपने बंद केलं. दिवा आणि डबी दोन्ही कायमची बंद, नाही लागला दिवा तर नाही. मग अर्थिंग तपासलं. होल्डरमधला बल्ब एका बाजूला फेजला, म्हणजे गरम वायरीला, आणि दुसऱ्या बाजूला अर्थिंगला लावला की तो लख्ख लागायला हवा. आमचा नुसता लालसर झाला. म्हणजे अर्थिंग होतं ते नावाला. कारण उघड होतं. ही सगळी जमीन भरावाची. टेकडी फोडून आणलेला मुरूम आणि दगड टाकून वर आणलेली. अर्थिंगची सळई त्या कोरड्या मुरमातच उभी होती, खालच्या ओल्या मातीपर्यंत पोचलीच नव्हती. पांढरीने आणलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून तो टबाच्या पाण्यात, मशीनमध्ये, फ्रिजमध्ये फिरत होता.

पनवेलहून तांब्याची पट्टी आणली आणि मागच्या भिंतीजवळ खड्डा घ्यायला दोन माणसं लावली. बराच वेळ नुसते दगड निघत होते. मग एकदम काळा चिखल लागला आणि बाजूने पाणी झिरपायला लागलं. सासरे तोवर पडवीतून बघत होते. चिखल दिसल्यावर उठून आले आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. थोडा चिखल बोटांवर घेऊन हुंगला. कुणाचं आगर, म्हणजे मिठागर, इथे होतं, बांध कुठून जायचा, भरतीचं पाणी कुठून आत घ्यायचे, ते हाताने दाखवायला लागले. इतकं बोललेले मी त्यांना त्या घरात पाहिले नव्हते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. मी दुकानातून आणलेली मिठाची पोती पाहून ते हसले. "आगरान मीठ इकत आनून घालतेस, पोरी."

मीही हसले. माणसं पट्टी बसवत होती. सासऱ्यांच्या पायांत त्या रबरी चपला होत्या, आणि त्या लोंबत्या चपलांकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. करंटला औषध समजणारा माणूस लाकडी पाटावरून कशाला उतरेल? रबर घालून कशाला येईल? आणि नातीला कशाला हाकलेल?

मी हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?"

ते चिखल बोटांवरून पुसत राहिले. मग म्हणाले, "आगरान पंपाची मोटार व्हती. तिला चिकटलेला मानूस बगितलाय मी. मना शिकवतेस?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो त त्यानं टब काढून टाकला असता. या घरान मी परत्येक वस्तूला नाय बोललो. त्यानं सगला गिलला. येक टब घेतला, तो पन चावतो म्हनून कसा सांगू त्याला?"

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. जीव गेला असता, हे मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि म्हणता म्हणता रडत होते. खड्ड्यातली माणसं काम थांबवून वर बघायला लागली. मला सासऱ्यांचा इतका संताप आला होता की हात धरून हलवावं, आणि त्याच वेळी मी धरलेले त्यांचे ते चिखलाचे हात सोडवत नव्हते. नातीच्या वाट्याबद्दल मी मारलेला टोमणाही त्यांनी असाच गिळला होता. ते फक्त एवढंच म्हणाले की पोरीला लांब ठेवली होती, आपलं आपण बघत होतो.

हे मी नवऱ्याला सांगितलं, निरोप पोचवायचं कामच होतं माझं. त्याने सगळं ऐकलं आणि गेटबाहेर उभ्या ट्रेलरच्या केबिनमध्ये जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा डोळे लाल होते. जेवला नाही.

अर्थिंग पुरं झालं, बल्ब लख्ख लागला. ईएलसीबी मी स्वतः पुन्हा जोडला आणि टबाची लाइन त्याच्यातूनच घेतली. त्याचं टेस्टचं बटण दाबलं, खटकन पडला. वर केला, टब चालू केला, तो तसाच राहिला. पाण्यात टेस्टर धरून पाहिला, मशीनला आणि फ्रिजला हात लावून आले. कुठेच काही नव्हतं. मग गाऊनसकट मीच पहिली पाण्यात उतरले आणि दोन्ही हात भिंतीला टेकवून बसले. पाणी छान गरम होतं. मुलगी दारातून बघत होती आणि आईने असं केलेलं तिला मुळीच पसंत नव्हतं.

नवरा शेडच्या खांबाजवळ उभा होता. टबाच्या जवळ येत नव्हता. मला म्हणाला, बाबांना विचार, खरंच ठेवायचा का. नको असेल तर आजच गाडी मागवतो.

सासरे पडवीतून आले. त्यांनी चपला पडवीतच काढून ठेवल्या होत्या. पाटापाशी आले, पाट पायाने बाजूला सारला आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. एक हात भिंतीवर पूर्ण टेकवला, दुसरा पाण्यात घातला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मी पाण्यातून त्यांच्याकडे बघत होते, मला काय सांगतील याची वाट बघत.

त्यांनी मान वळवली ती खांबाकडे.

"पोरीला आन," ते मुलाला म्हणाले. "मी धरतो तिला. तू बी ये."

नवरा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, सवयीने, मी सांगेन म्हणून. मी काही सांगितलं नाही. मग तो मुलीला उचलायला गेला.